सूर्यास्तानंतरची बंदूक

शिरूर तालुक्यात पिंपरखेडच्या परिसरात नरभक्षक ठरविलेल्या बिबट्यावर २०२५ च्या नोव्हेंबरात रात्रीच्या वेळी गोळी झाडण्यात आली, तो वृत्तान्त वाचकांच्या स्मरणात ताजा आहे. अवघ्या तीन-साडेतीन आठवड्यांत तीन माणसे, आणि त्यांतली दोन कोवळी लेकरे, गमावलेल्या त्या गावांचा क्षोभ ज्याला समजत नाही त्याने या विषयावर लेखणी उचलू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. तथापि त्या क्षोभातून जी मागणी आता गावोगाव उमटू लागली आहे, ती मात्र शांत चित्ताने तपासून पाहिली पाहिजे. श्वापदे रात्री बाहेर पडतात, म्हणून त्यांचा बंदोबस्तही रात्रीच व्हावा, तो खाजगी शिकाऱ्यांच्या हाती द्यावा, आणि आफ्रिकेत जे राजरोस चालते ते आपल्याकडे का चालू नये, असे त्या मागणीचे स्वरूप आहे. यवतमाळ जिल्ह्याने या मागणीची परिणती सात वर्षांपूर्वीच पाहिलेली आहे. २ नोव्हेंबर २०१८, शुक्रवार, रात्री अकराच्या सुमारास राळेगाव तालुक्यातील बोराटीच्या शिवारात नरभक्षक ठरविलेली वाघीण मारताना काय घडले हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. त्या रात्रीकडे वळण्यापूर्वी आफ्रिकेचा दाखला एकदा नीट पारखून घेऊ, कारण सारा युक्तिवाद त्याच्यावर उभा आहे.

आफ्रिकेच्या दक्षिणेकडील काही देशांत परवानाधारक सफारी कंपन्या परदेशी शिकाऱ्यांसाठी ठिपकेवाल्या तरसाची शिकार घडवून आणतात, आणि तरस मुळात निशाचर असल्यामुळे कायद्याने मुभा दिली आहे तेथे ती रात्री होते. तिची रीत ठरलेली असते. झेब्र्याची अथवा एखाद्या मोठ्या हरणाची मांडी झाडाच्या बुंध्याशी साखळीने जखडून ठेवतात. बिबट्यासाठी हेच आमिष उंच फांदीवर टांगले जाते, परंतु तरसाला झाडावर चढता येत नाही, म्हणून ते त्याच्या तोंडाच्या उंचीवर असावे लागते. त्यापूर्वी जनावराची आतडी गाडीमागे फरफटत नेऊन दूरवरून आमिषापर्यंत गंधाची वाट आखून ठेवतात. वारा आमिषाकडून आपल्याकडे येईल अशा बाजूस गवताचा आणि फांद्यांचा आडोसा उभारलेला असतो, त्यात शिकारी व त्याचा वाटाड्या काळोख पडण्यापूर्वीच जाऊन बसतात, आणि हाडे फुटल्याचा आवाज कानी आला की तांबडा दिवा हळूहळू उजळीत नेतात, कारण तांबडा प्रकाश निशाचर डोळ्याला फारसा जाणवत नाही. मग एक गोळी, आणि सकाळी कवटी नि कातडे. सिंह-बिबट्यांच्या मानाने या शिकारीचा आकार कमी असल्यामुळे अनेक शिकारी ती मोठ्या शिकारीच्या जोडीला म्हणून पदरात पाडून घेतात. आफ्रिकेत सर्वत्र हे चालते असाही समज करून घेऊ नये. केन्याने १९७७ मध्ये शिकार सरसकट बंद केली ती आजतागायत बंद आहे, तर बोत्स्वानाने २०१४ मध्ये घातलेली बंदी २०१९ मध्ये उठविली.

या साऱ्या खटाटोपात एक गोष्ट अशी आहे की जिच्याकडे आपल्या चर्चांत कोणाचेच लक्ष जात नाही. आमिषापाशी आलेले तरस कोणते, याच्याशी तिथल्या शिकाऱ्याला काहीच कर्तव्य नसते. पूर्ण वाढीचे कोणतेही तरस त्याला चालते. परवाना जातीचा असतो, व्यक्तीचा नसतो. आपल्या कायद्याने मात्र ज्या प्राण्याला मारण्याचा हुकूम निघतो तो एकच एक प्राणी असतो, ज्याने माणसे मारली असे अधिकाऱ्याचे मत झालेले असते, आणि त्याच्या शेजारून जाणारा त्याच जातीचा दुसरा प्राणी त्या हुकुमाच्या कक्षेत येत नाही. म्हणून आफ्रिकेतल्या आडोशात जो काळोख शिकाऱ्याच्या सोयीचा ठरतो, तोच काळोख राळेगावच्या रानात न्यायाच्या मुळावर येतो. ओळख पटविणे हेच जिथे मुख्य काम आहे, तिथे ओळख पटविण्याचे साधनच तो हिरावून घेतो.

रात्र माणसाला किती फसविते याचे सर्वांत बोलके उदाहरणही आफ्रिकेतलेच, आणि तेही तरसाचेच आहे. हान्स क्रूक हे डच प्राणिशास्त्रज्ञ, नोबेल पारितोषिक विजेते निको टिंबर्गेन यांचे शिष्य, १९६४ पासून टांझानियातील सेरेंगेटीत आणि तेथून जवळच्या न्गोरोन्गोरो या विशाल ज्वालामुखी-कुंडात ठिपकेवाल्या तरसांचा अभ्यास करीत होते. त्या काळापर्यंत तरसाविषयीचे सारे ज्ञान दिवसाच्या उजेडात मिळविलेले होते. प्रवासी पहाटे गाडी काढीत, मारलेल्या झेब्र्यावर सिंह ताव मारीत असल्याचे आणि तरसे थोड्या अंतरावर ताटकळत बसल्याचे पाहत, आणि सिंहाने शिकार केली, तरस उष्ट्याची वाट पाहत आहे, असा निष्कर्ष काढून परतत. शेकडो वर्षांच्या कथा-कहाण्या आणि विद्वानांचे ग्रंथही याच निष्कर्षावर विसावलेले होते. क्रूक यांनी केले ते इतकेच की चांदण्या रात्री दिवे मालवून ते तरसांच्या मागे गाडीने हिंडले. त्यांना जे दिसले त्याने सारे चित्र उलटेपालटे झाले. न्गोरोन्गोरोत तरसेच टोळीने नू आणि झेब्रे पळवून पळवून मारीत होती. भक्ष्य पडताच त्यांचा जो कोलाहल उठे तो ऐकून सिंह धावत येत, तरसांना हुसकावून लावीत आणि आयत्या भक्ष्यावर बसत. आणि उजाडता उजाडता जे दृश्य उरे, त्यात चोर धनी झालेला असे आणि धनी भिकारी ठरलेला असे. टोळीचे आधिपत्य माद्यांकडे असते, टोळ्यांच्या हद्दी ठरलेल्या असतात, त्या हद्दींवरून लढाया होतात, हे सारे जगाला सविस्तर समजले ते त्यांच्या १९७२ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथातून. मला या संशोधनाचे महत्त्व केवळ तरसापुरते वाटत नाही. रात्रीच्या गुन्ह्याचा गुन्हेगार सकाळच्या खुणांवरून ठरविणारा प्रत्येक पंचनामा किती सावधपणे वाचला पाहिजे, याचा तो वस्तुपाठ आहे. आणि रात्रीचे सत्य ज्याच्या हाती लागले तो माणूस बंदूक न घेता, दिवा न लावता, वर्षानुवर्षे पाहत राहिला होता, हेही विसरता येत नाही.

टिपेश्वर आणि पैनगंगा या आपल्या अभयारण्यांच्या परिसरात जे तरस वावरते ते मात्र या टोळीवाल्या तरसाचा दूरचा भाऊबंद आहे. आपले तरस पट्टेदार असते, बहुधा एकट्याने हिंडते, आणि माणसासारखे हसण्याची जी ख्याती आफ्रिकेतल्या तरसाला आहे ती याच्या वाट्याला नाही. ते जवळजवळ मुकेच. पुढचे पाय उंच, मागचा भाग उतरता, मानेपासून शेपटीपर्यंत आयाळ, आणि जबडा असा की बैलाच्या मांडीचे हाड त्यात सहज पिचते. गावाबाहेर टाकलेली मेलेली ढोरे, वाघाने अर्धवट सोडलेले भक्ष्य, हाडे, कातडी, क्वचित एखादे छोटे जनावर आणि फळेसुद्धा, हा त्याचा आहार. भय वाटले की ते आयाळ ताठ उभारते आणि आहे त्याहून पुष्कळ मोठे दिसू लागते. काळोखात विजेरीचा झोत पडावा, समोर दोन हिरवट डोळे लखलखावेत, अंगावर पट्टे दिसावेत आणि देह वासराएवढा भासावा, एवढ्यावरून गावात वाघ शिरल्याची आवई उठली तर पाहणाऱ्याला दोष कसा द्यावा? उजेडात हा घोळ क्षणात मिटतो. वाघ-बिबट्यांना चालताना नखे आत ओढून घेता येतात म्हणून त्यांच्या पावलात नखांची खूण उमटत नाही. तरसाला ती सोय नसल्यामुळे त्याच्या प्रत्येक बोटापुढे नख उठते, आणि त्याचा पुढचा पंजा मागच्याहून ठळकपणे मोठा असतो. ही ओळख वनरक्षकाला पटते, अनुभवी गुराख्यालाही पटते, परंतु ती सकाळी पटते.

इंग्रजी अमदानीत तर ओळखीचा प्रश्नच कोणी काढीत नसे. हिंस्र श्वापदे मारणाऱ्यास सरकारी खजिन्यातून इनाम मिळे, आणि सरकारी अहवालांच्या वार्षिक तक्त्यांत वाघ, बिबटे, लांडगे, अस्वले यांच्या ओळीत तरसालाही आपला रकाना होता. १८७५ ते १९२५ या पन्नास वर्षांत अशा इनामांपोटी ८०,००० हून अधिक वाघ, दीड लाखाहून अधिक बिबटे आणि दोन लाख लांडगे मारले गेले, असा हिशेब इतिहासकार महेश रंगराजन यांनी त्या दप्तरांतून काढून दाखविला आहे. त्याच पन्नास वर्षांत, १९०५ साली, जुन्या वणी जिल्ह्याचे यवतमाळ जिल्हा असे नामांतर झाले. वऱ्हाडचा हा भाग त्या वेळी शिकारी साहेबांच्या आवडीचा मुलूख होता. मचाणावर बसून वाघाची वाट पाहताना आमिषावर आधी तरसच येई आणि वैतागलेला साहेब गोळी त्याच्यावरच झाडून मोकळा होई, हे त्या काळी नित्याचे होते. तरसाने कोणाचे काय बिघडविले, हा प्रश्न त्या रकान्यात मावणारा नव्हता.

तरसाच्या शेजाराने आपल्या लोकांचे काय होते याचे उत्तर पुढे तत्कालीन अहमदनगर जिल्ह्यातल्या अकोले तालुक्याने दिले. विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तेथे ऊस, मका, भाजीपाला यांनी वेढलेल्या दाट वस्तीच्या शिवारात स्वयंचलित कॅमेरे बसविले. संरक्षित जंगलाचा तेथे मागमूस नाही. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधानुसार दर १०० चौरस किलोमीटरमागे सुमारे ४.८ प्रौढ बिबटे आणि ५.०३ प्रौढ तरसे त्या शिवारात राहत होती, आणि अभ्यासाच्या काळात बिबट्याने माणूस मारल्याची एकही घटना तेथे घडली नव्हती. म्हणजे ज्या रात्री माणसे निर्धास्त झोपली होती, त्याच रात्री त्यांच्या दारावरून ही जनावरे येऊन जात होती. हा शेजार सर्वत्र आणि सर्वकाळ असाच निरुपद्रवी राहील असे मी म्हणत नाही. जुन्नर-शिरूरच्या उसाने तसे म्हणण्याची सोय ठेवलेली नाही. परंतु रात्री दिसले ते जनावर धोक्याचेच, ही समजूत या आकड्यांपुढे टिकत नाही, आणि तशी समजूत असलेल्या माणसाच्या हाती रात्री बंदूक देणे मला घोर अविचाराचे वाटते.

आपला कायदा या बाबतीत एके काळी पुष्कळ शहाणा होता. क्रूक यांचा ग्रंथ निघाला त्याच वर्षी, १९७२ साली, वन्यजीव संरक्षण अधिनियम मंजूर झाला. त्या वेळी काही प्राण्यांच्या शिकारीला परवान्याने मुभा होती, आणि ही मुभा कोणत्या मर्यादेत भोगावयाची हे कलम १७ मध्ये एकेक करून सांगितले होते : चालत्या मोटारीतून शिकार करू नये, कृत्रिम प्रकाशाचा वापर करू नये, पाणवठ्यावर दबा धरू नये, आणि विशेष अधिकार दिलेला असल्याखेरीज सूर्यास्त ते सूर्योदय या वेळात शिकार करू नये. हे नियम जुन्या शिकाऱ्यांच्या दस्तुरातून आलेले होते. जखमी वाघ रात्रीच्या झाडीत निसटला तर दुसऱ्या दिवशी त्याची किंमत हाकाऱ्यांना आणि गुराख्यांना मोजावी लागते, हे ज्यांनी पाहिले होते त्यांच्या अनुभवातून ते उतरले होते. १९९१ च्या दुरुस्तीने शिकारच सर्वस्वी निषिद्ध झाली, तेव्हा कलम १७ अनावश्यक म्हणून गाळण्यात आले. ते गाळणे तर्काला धरून होते. परंतु कलम ११ मात्र राहिले, ज्यान्वये माणसाच्या जीविताला धोकादायक झालेला प्राणी पकडता येत नाही, बेशुद्ध करता येत नाही, अन्यत्र हलविताही येत नाही अशी खात्री झाल्यावर राज्याच्या मुख्य वन्यजीव रक्षकास कारणे नमूद करून त्याला मारण्याचा लेखी हुकूम काढता येतो. शिकारीचे दार बंद झाले, पण ही खिडकी उघडी राहिली; आणि खिडकीवरचा सूर्यास्ताचा अडसर मात्र कलम १७ बरोबर निघून गेला. राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाच्या कार्यपद्धतीत प्राण्याला बेशुद्ध करण्याचे काम दिवसाउजेडी करावे असे म्हटले आहे खरे, परंतु कार्यपद्धती म्हणजे कायदा नव्हे, आणि तिचे उल्लंघन करणाऱ्यास तिचे भयही तेवढेच वाटते.

बोराटीची रात्र या पार्श्वभूमीवर पाहिली पाहिजे. २०१६ च्या जूनपासून पांढरकवडा-राळेगाव भागात तेरा माणसे मारली गेली, त्यांत बहुतेक शेतावर वा गुरांमागे गेलेले गोरगरीब लोक. एकट्या ऑगस्ट २०१८ मध्ये तिघे गेले. त्या दोन वर्षांत त्या भागातल्या शेतकऱ्यांनी आणि कोलाम आदिवासींच्या पोडांनी जे भय सोसले त्याचे मोजमाप मुंबई-दिल्लीच्या दिवाणखान्यातून करता येणार नाही, आणि या बळींचा ठपका ज्या टी-१ वाघिणीवर आला तिच्या बचावासाठी ‘अवनी’ या गोंडस नावाने सुरू झालेल्या मोहिमेत त्या तेरा घरांचा उल्लेख क्वचितच आला याचा विषाद मला आजही वाटतो. टी-१ वाघिणीला शक्यतो बेशुद्ध करून पकडावे, ते न साधल्यास ठार करावे असा हुकूम सप्टेंबरात निघाला, आणि सर्वोच्च न्यायालयाने त्यात हस्तक्षेप करण्यास नकार दिला. पुढे जवळजवळ दोन महिने हत्ती, उष्णता टिपणारे ड्रोन, पॅराग्लायडर, इटालियन जातीची कुत्री आणि पुरुषांसाठीचे परदेशी अत्तर अशा साधनांनी शोध चालला. त्यात साखळी तोडून निघालेल्या एका हत्तीने चहांद येथे एका निरपराध स्त्रीचा बळी घेतला. अखेरीस वाघीण मारली गेली ती हैदराबादचे शिकारी शफात अली खान यांचे पुत्र असगर अली यांच्या गोळीने. बेशुद्धीचा बाण लागल्यावर वाघीण गाडीवर चालून आली म्हणून स्वसंरक्षणार्थ गोळी झाडावी लागली, अशी त्यांची कैफियत होती. व्याघ्र प्राधिकरणाच्या समितीने ती मान्य केली नाही. अधिकार पित्याच्या नावे होता आणि ते स्वतः त्या रात्री तेथे नव्हते. पथकाबरोबर पशुवैद्यक नव्हता. बेशुद्धीच्या बाणाविषयी समितीला शंका होती. आणि जखमेवरून पाहता गोळी लागली त्या क्षणी वाघिणीचे तोंड गोळी झाडणाऱ्याकडे नव्हते, असे समितीचे म्हणणे पडले.

खरे-खोटे कोणी ठरवावयाचे? मोटारीच्या दिव्यांच्या उजेडात, काही क्षणांत, काही हातांच्या अंतरावर घडलेली ती गोष्ट. पाहणारे सारे त्याच गाडीतले. दिवसाउजेडी, पशुवैद्यकाच्या आणि तालुक्याच्या अधिकाऱ्यांच्या डोळ्यांदेखत तीच वाघीण मारली गेली असती, तर एक तर ती कैफियत सिद्ध झाली असती किंवा खोटी ठरली असती, आणि दोन्ही परींनी वनखात्याची पत राहिली असती. कलम ११ च्या दुसऱ्या पोटकलमात स्वसंरक्षणासाठी प्राणी मारणे हा गुन्हा मानलेला नाही. पण त्यालाच जोडून असेही म्हटले आहे की स्वसंरक्षणाची वेळ आली तेव्हा जो स्वतःच अधिनियमातील तरतुदीचे उल्लंघन करीत होता, त्याला हे संरक्षण लाभणार नाही. सूर्यास्ताची मर्यादा अधिनियमात असती, तर या परंतुकाचा अर्थ त्या रात्री कितीतरी स्पष्ट झाला असता. वाघिणीच्या दोन बछड्यांपैकी मादी त्याच वर्षी २२ डिसेंबरला पकडली गेली, पेंचला वाढविली गेली, आणि २०२१ च्या मार्चमध्ये रानात सोडल्यावर थोड्याच दिवसांत दुसऱ्या वाघिणीशी झालेल्या झुंजीत जखमी होऊन मेली.

माझे म्हणणे नरभक्षक प्राणी मारूच नये असे नाही. ज्याच्यापायी माणसे मरतात आणि जो पकडता येत नाही, त्याला मारलेच पाहिजे, आणि त्यास विलंब लावणे ही त्या गावांशी केलेली प्रतारणा आहे. परंतु मारण्याचा हुकूम असेल त्यात सूर्यास्त ते सूर्योदय हा काळ वर्ज्य असावा. प्रत्यक्ष माणसावर झडप पडत असेल एवढाच अपवाद. आणि ही अट कार्यपद्धतीत न ठेवता कलम ११ मध्येच घालावी. १९७२ चा मसुदा करणाऱ्यांनी ती घातली होती, तिचे शब्दही तयार आहेत. पट्टेदार तरस आता सुधारित अधिनियमाच्या पहिल्या अनुसूचीत आले आहे, म्हणजे वाघाइतकेच संरक्षण कागदोपत्री त्यालाही लाभले आहे; तेव्हा विजेरीच्या झोतात वाघ समजून तरस मारले गेले तर तो लहानसहान प्रमाद ठरणार नाही, हेही बंदूक मागणाऱ्यांनी ध्यानी घ्यावे.

आणि रात्रीचा विचार करावयाचाच असेल तर माणसाच्या रात्रीचा आधी करावा. कपाशी-तुरीत रोही आणि रानडुकरे शिरतात म्हणून राळेगाव, केळापूर, घाटंजी, झरी-जामणी या तालुक्यांतले शेतकरी थंडीत जागलीला जातात, आणि कृषिपंपाची वीज पाळीने रात्री येते म्हणून ओलितासाठी काळोखात पाय टाकतात. दिवसा वीज देण्यासाठी मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २०१७ मध्ये सुरू झाली आणि २०२३ मध्ये तिचा दुसरा टप्पा जाहीर झाला. तिच्या याद्या करताना जंगलाला लागून असलेल्या गावांचा क्रम सर्वांत वर लावण्यास नव्या कायद्याची गरज नाही, नेमबाजांची नाही, परदेशी अत्तराचीही नाही. जिल्हाधिकारी, महावितरणचे अधीक्षक अभियंता आणि पांढरकवड्याचे उपवनसंरक्षक यांनी एका मेजाभोवती बसून जंगलालगतच्या गावांची यादी आणि विजेच्या फिडरांची यादी एकमेकींशी ताडून पाहिली की पुरे. बोराटीपासूनच सुरुवात करावी.